अबोल महर्षी

सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसले आहे. इ. स. १८७५ च्या सुमारास, ऐन पावसाच्या दिवसांत, कोकणातून पायी निघालेला एक मुलगा आपल्या सोबत्यांसह या शहरात येऊन पोहोचला. अंगावरचे कपडे भिजलेले, पाय चालून चालून सुजलेले आणि मनात मात्र मोठी उमेद, अशी त्याची स्थिती होती. येथे सरकारी परीक्षा देऊन तो नोकरीस पात्र होणार होता. त्या परीक्षेसाठी त्याने सुमारे ११० मैल, म्हणजे १७५ किलोमीटरांहून अधिक वाट तुडविली होती. परंतु परीक्षेला बसण्याचे त्याच्या नशिबी नव्हते. त्याच्याकडे पाहून अधिकाऱ्यांनी एवढेच ठरविले, की हा मुलगा परीक्षेला लागणाऱ्या वयाचा दिसत नाही. आणि त्याला परत पाठविले.

दुसरा एखादा धीट मुलगा असता, तर त्याने वाद घातला असता, आर्जवे केली असती किंवा कोणा वजनदार माणसाला मध्ये घातले असते. या मुलाला त्यातले काहीच साधले नाही, कारण तो स्वभावाने अतिशय भिडस्त होता. परक्या माणसापुढे उभे राहिले की त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. तो मुकाट्याने परत फिरला. हाच मुलगा पुढे हजारो परक्या माणसांच्या दारांत उभा राहिला आणि स्त्रियांच्या शिक्षणासाठी त्याने सबंध देशातून, इतकेच नव्हे तर परदेशांतूनही, पैसा जमविला. त्याचे नाव धोंडो केशव कर्वे. महाराष्ट्र त्यांना अण्णासाहेब कर्वे आणि महर्षी कर्वे या नावांनी ओळखतो.

धोंडोपंतांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या गावी, त्यांच्या आजोळी झाला. त्यांचे घर दापोलीजवळच्या मुरुड या समुद्रकाठच्या गावी होते. वडील केशवपंत तुटपुंज्या पगारावर एका सधन घराण्याची कारकुनी करीत. आई लक्ष्मीबाई मोठ्या काटकसरीने घर चालवीत. कर्वे घराण्याने पूर्वी चांगले दिवस पाहिले होते. परंतु धोंडोपंतांच्या बालपणी त्या वैभवाच्या केवळ आठवणी उरल्या होत्या.

त्यांच्या लहानपणची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बडोद्याच्या गायकवाड सरकारकडून ब्राह्मणांना दहा दहा रुपये दक्षिणा मिळणार आहे, असे घरात कळले. त्या काळी दहा रुपये ही लहान रक्कम नव्हती. मुलांना तेथे जावेसे वाटले, हे स्वाभाविकच होते. परंतु आईने त्यांना जाऊ दिले नाही. ज्या घराण्याने एके काळी गायकवाडांना कर्ज दिले, त्या घराण्यातील मुलांनी त्यांच्याच दारी दक्षिणेसाठी हात पसरू नये, असे तिचे म्हणणे होते. घरात पैशाची चणचण असतानाही त्या माउलीने स्वाभिमान सोडला नाही. कोणापुढे हात पसरणे ही मोठी लाजिरवाणी गोष्ट आहे, हा संस्कार धोंडोपंतांच्या कोवळ्या मनावर असा कोरला गेला. मुलांनो, ही गोष्ट ध्यानात ठेवा. कारण पुढे ज्या कामाची त्यांना सर्वांत अधिक लाज वाटावी, तेच काम त्यांनी आपण होऊन पत्करले.

मुरुडच्या शाळेत सोमण नावाचे एक तळमळीचे शिक्षक होते. गावाचे भले व्हावे म्हणून आपणही काही केले पाहिजे, ही जाणीव त्यांनी मुलांच्या मनात रुजविली. धोंडोपंतांवर त्यांचा फार प्रभाव पडला. हुशारी होती, कष्टाची तयारी होती, सद्भावनाही होती. मात्र स्वभाव बुजरा होता. चारचौघांत बोलण्याची वेळ आली की त्यांना संकोच वाटे. कोणी टाकून बोलले तर ते मनाला लागे आणि बराच काळ सलत राही. आपल्या या स्वभावाविषयी त्यांनी पुढे आत्मचरित्रात अगदी मोकळेपणाने लिहिले आहे.

अशा मुलाने साताऱ्याची वाट धरली होती. त्या काळी मुरुडहून साताऱ्याला यायला रेल्वे नव्हती. सह्याद्रीच्या रांगा पायी ओलांडायच्या, पावसाने फुगलेले ओढे उतरायचे, चिखलातून पाय ओढत चालायचे आणि रात्री मिळेल तेथे पाठ टेकायची, असा तो प्रवास होता. एवढे सारे सोसून आल्यावर केवळ दिसण्यावरून नकार मिळाला. धोंडोपंत शरीराने लहानखुरे होते. त्यामुळे होते त्याहून वयाने कमी दिसत. अभ्यासात उणे पडले असते, तर तो दोष आपला म्हणून सोसता आला असता. येथे तर दोष कोणताच नव्हता. ती निराशा त्यांच्या जिव्हारी लागली आणि म्हातारपणीही त्यांना तिचा विसर पडला नाही.

हळव्या मनाच्या मुलाला असा प्रसंग फार जड जातो. तो स्वतःलाच दोष देऊ लागतो. आपण नीट बोललो असतो तर काम झाले असते, आपणच दुबळे आहोत, पुन्हा असल्या भानगडीत पडूच नये, असे विचार त्याच्या मनात घोळू लागतात. धोंडोपंतांनाही दुःख झाले. परंतु त्या दुःखाने त्यांनी अभ्यास सोडला नाही. त्यांनी पुन्हा तयारी केली आणि पुढे ती परीक्षा ते उत्तीर्ण झाले. वाद घालून जे त्यांना मिळविता आले नसते, ते त्यांनी चिकाटीने मिळविले. त्यांच्या साऱ्या आयुष्याची रीत या एका प्रसंगात दिसून येते.

पुढील शिक्षणासाठी ते मुंबईस गेले. इतर मुलांचे शिक्षण ज्या वयात संपत येते, त्या वयात त्यांचे इंग्रजी शिक्षण चालू होते. १८८१ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. आपल्याहून लहान मुलांबरोबर वर्गात बसताना संकोची माणसाला अवघडल्यासारखे होणारच. पण त्यांनी ते मनावर घेतले नाही. शिकवण्या करून ते आपला खर्च भागवीत. १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित हा विषय घेऊन ते बी. ए. झाले आणि मुंबईच्या शाळांतून गणित शिकवू लागले. गणित हा त्यांच्या प्रकृतीला मानवणारा विषय होता. त्यात आरडाओरडा नाही, घाई नाही; एकेक पायरी नीट मांडीत गेले की उत्तर हाती येते.

१८९१ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांना पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविण्यासाठी बोलावून घेतले. आपण भाषणपटू नाही, कॉलेजातील तरुण विद्यार्थ्यांपुढे आपला निभाव कसा लागेल, अशी शंका अशा माणसाला येणे साहजिक होते. तथापि त्यांनी ते काम स्वीकारले आणि पुढे सुमारे तेवीस वर्षे चोखपणे केले.

राधाबाईंच्या मृत्यूनंतर दुसऱ्या विवाहाचा प्रश्न निघाला. त्या काळच्या समाजाची स्थिती आज आपल्याला खरी वाटणार नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलींची लग्ने होत आणि नवरा वारला तर त्या मुलीला जन्मभर विधवा म्हणून राहावे लागे. वरिष्ठ समजल्या जाणाऱ्या जातींमध्ये तिचे केस कापीत, तिला मंगल कार्यात येऊ देत नसत, पुन्हा लग्न करण्याची तर गोष्टच नको. पुरुषाने मात्र कितीही म्हातारपणी कोवळ्या मुलीशी लग्न केले तरी त्याला कोणी अडवीत नसे. सांगलीजवळ कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर हरिपूर नावाचे गाव आहे. तेथील नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांनी याच दुष्ट रूढीवर संगीत शारदा हे नाटक लिहिले. ते १८९९ मध्ये रंगभूमीवर आले आणि म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचे दुःख पाहून प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. देवलांनी जे नाटकातून दाखविले, ते कर्व्यांनी त्यापूर्वीच आपल्या वागण्यातून दाखविले होते. विवाह करीन तर विधवेशीच करीन, असा त्यांनी निश्चय केला होता.

त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई बालपणीच विधवा झाली होती. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात ती शिकत होती. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यास धोंडोपंतांचा तिच्याशी विवाह झाला. लग्नानंतर तिचे नाव आनंदीबाई ठेवण्यात आले. पुढे लोक त्यांना बाया कर्वे म्हणू लागले.

या विवाहाने मोठी खळबळ उडाली. कोणी स्तुती केली, पुष्कळांनी निंदा केली. परंतु खरा घाव बसला तो मुरुडला. ज्या गावात ते लहानाचे मोठे झाले होते, ज्या गावासाठी काही करावे अशी त्यांची बाळपणापासूनची इच्छा होती, त्याच गावाने सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या सभेत कर्वे असतील तेथे कोणी बसू नये, आणि त्यांच्या घरच्यांनी त्यांना घरात घेतले तर त्यांनाही वाळीत टाकावे, असे ठरले. आईच्या घरी जायचे तरी आईलाच त्याची शिक्षा व्हायची, असा तो पेच होता. शत्रूने केलेली निंदा माणूस सहन करतो. आपल्या माणसांनी फिरविलेली पाठ सहन करणे फार कठीण असते.

धोंडोपंतांनी या साऱ्याला कसे तोंड दिले? त्यांनी गावाला उलट शिव्याशाप दिले नाहीत. वर्तमानपत्रांतून भांडण मांडले नाही. आईची आणि भावाची अडचण ओळखून, त्यांना त्रास होणार नाही अशा बेताने ते वागले. त्याच वर्षी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी त्यांनी स्थापन केली आणि ते कामाला लागले. मन दुखावले की काही माणसे भांडतात, तर काही कुढत बसतात. कर्व्यांनी तिसरी वाट धरली. जे दुःख आपल्याला झाले, त्याहून कितीतरी मोठे दुःख घरोघरीच्या बालविधवा मुकाट्याने सोशीत आहेत, हे त्यांनी जाणले. हळवे मन ज्याला असते, त्याला दुसऱ्याचे दुःख लवकर कळते. तेच त्यांचे बळ ठरले.

केवळ पुनर्विवाहाने हा प्रश्न सुटणार नाही, हे लवकरच त्यांच्या लक्षात आले. विधवांना शिक्षण मिळाले, तर त्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहतील आणि आपल्या आयुष्याचा निर्णय आपण करतील. म्हणून १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. आता पैसा हवा होता, आणि पैसा मागितल्याशिवाय मिळत नाही.

ज्या मुलाला आईने दहा रुपयांच्या दक्षिणेसाठीही जाऊ दिले नव्हते, ज्याला साताऱ्याला आपल्या हक्कासाठीही भांडता आले नव्हते, तो आता वर्गणीसाठी लोकांच्या दारी जाऊ लागला. कित्येक दारांत नकार मिळे, तर कोठे बोलणीही खावी लागत. अशा वेळी संकोच वाटत नसेल काय? जरूर वाटत असेल. परंतु त्यांनी त्यावर एक साधा मार्ग शोधला होता. स्वतःसाठी मागताना मान खाली जाते. दुसऱ्यासाठी मागताना ती खाली जाण्याचे कारण नसते. शिवाय त्यांनी आधी आपले दिले आणि मग लोकांचे मागितले. पोटाला चिमटा घेऊन साठविलेला पैसा त्यांनी आश्रमाला दिला. आपल्या आयुष्याच्या विम्याची रक्कमही त्यांनी कुटुंबासाठी राखून न ठेवता आश्रमाच्या कामी लावली. मिळालेल्या देणग्यांचा चोख हिशेब ठेवला. मोठी भाषणे त्यांना जमत नव्हती; म्हणून ते थोडे बोलत, खरे तेच बोलत आणि कामाची माहिती लोकांपुढे ठेवीत. मोठी देणगी मिळाली तर आनंदच, पण कोणी चार आणे दिले तरी ते तितक्याच कृतज्ञतेने घेत.

पुण्यात प्लेगची साथ आली, तेव्हा आश्रम शहराबाहेर हलविण्याची गरज भासू लागली. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी पुण्याबाहेर हिंगणे येथे सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले. १९०० मध्ये तेथे एक साधी झोपडी उभी राहिली आणि आश्रम तेथे गेला. त्या वेळी हिंगणे म्हणजे माळरान होते. तेथे जायला धड रस्ताही नव्हता. कॉलेजातले काम आटोपले की कर्वे पुण्याहून हिंगण्याला पायी जात. आश्रमाला लागणारे सामानसुमानही पुष्कळदा तेच बरोबर नेत. पावसाळ्यात वाट चिखलाने भरून जाई. साताऱ्याच्या वाटेवर ज्या पायांनी चालण्याचा धडा घेतला होता, ते पाय आता रोज हा धडा गिरवीत होते. हळव्या मनाच्या माणसाला एकांताची गरज असते. शेतांमधून एकट्याने केलेली ती रोजची वाटचाल त्यांना थकवीत असेल, तशीच दिवसभराचा गलका मागे टाकून मन शांत करायलाही मदत करीत असेल.

आश्रम चालविताना त्यांच्या मनाची आणखी एक कठीण परीक्षा झाली. आपल्या मुलींना आश्रमात ठेवताना लोकांना भीती वाटे, की तेथे त्यांचा पुनर्विवाह लावून देतील. ही भीती घालविण्यासाठी कर्व्यांनी आश्रमाचे काम आणि पुनर्विवाहाचे काम वेगवेगळे ठेवले. पुनर्विवाहित म्हणून खुद्द आनंदीबाईंनाही आश्रमापासून दूर राहावे लागले. ज्या कामासाठी आपण सर्वस्व दिले, त्या कामात आपल्या पत्नीला स्थान देता येऊ नये, याचे शल्य लहान नव्हते. आनंदीबाईंनीही ते सोसले. सुधारकांपैकी काहींना ही तडजोड रुचली नाही. कर्वे दोन्ही बाजूंची टीका ऐकून घेत आणि ज्या मुलींसाठी आश्रम काढला त्यांच्याकडे पाहत. आनंदीबाईंची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमात आल्या आणि आश्रमासाठी गावोगाव फिरून निधी गोळा करू लागल्या. पुढे त्या याच कार्यासाठी अमेरिकेपर्यंत गेल्या. एका अबोल माणसाच्या कामाला अशी बोलणारी माणसे येऊन मिळाली.

सगळ्याच थोर पुरुषांचे स्वभाव असे नसतात. साताऱ्याचेच उदाहरण घ्या. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या ऐतवडे बुद्रुक या गावचे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले. धिप्पाड देह, भारदस्त आवाज आणि परखड वाणी असे त्यांचे व्यक्तिमत्त्व होते. गावोगावच्या सभा ते गाजवीत आणि शेतकऱ्यांच्या मुलांसाठी धान्य व पैसा गोळा करीत. कर्वे त्यांच्या अगदी उलट. लहान चण, हळू आवाज, मोजके शब्द. एक नदी पावसाळ्यात दुथडी भरून वाहते, तर एखादा झरा वर्षभर गाजावाजा न करता पाझरत राहतो. तहान दोहोंनीही भागते. भाऊरावांनी आपला स्वभाव बदलून कर्वे व्हावे किंवा कर्व्यांनी भाऊराव व्हावे, याची काहीच आवश्यकता नव्हती. दोघांनीही आपापल्या स्वभावाला साजेल अशा रीतीने शिक्षणाची गंगा गोरगरिबांपर्यंत आणि स्त्रियांपर्यंत नेली.

१९०७ मध्ये कर्व्यांनी सर्वसाधारण मुलींसाठी महिला विद्यालय सुरू केले. पुढे जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली. आपल्या देशातही असे विद्यापीठ हवे, या विचाराने त्यांना झपाटले. १९१५ मध्ये मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. मोठ्या सभेपुढे उभे राहण्याचा प्रसंग त्यांना कधीच आवडला नव्हता. परंतु त्या जागेवरून त्यांनी स्त्रियांच्या विद्यापीठाची कल्पना देशापुढे मांडली. १९१६ मध्ये विद्यापीठ सुरू झाले. आरंभी विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. अनेकांना ते वेड वाटले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची मोठी देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला मिळाले. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ ते हेच.

१९२९ मध्ये, वयाची सत्तरी उलटल्यावर, कर्वे परदेशी निघाले. युरोप, अमेरिका आणि जपान या देशांत ते फिरले. पुढे आफ्रिकेतही गेले. नवे देश, नव्या चालीरीती, अनोळखी माणसे! बालपणी परक्या माणसापुढे गांगरून जाणारा मुलगा आता परक्या देशांतील सभांतून भारतीय स्त्रियांच्या शिक्षणाविषयी सांगत होता. ते तेथेही मोठे वक्ते झाले नाहीत. साधा पोशाख, साधे बोलणे आणि सांगण्यासारखे खरे काम, एवढीच त्यांची शिदोरी होती. ती पुरेशी ठरली.

परदेशांहून आल्यावर त्यांनी विश्रांती घेतली असती तर कोणी नाव ठेवले नसते. परंतु १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी नवी संस्था काढली आणि पुन्हा घरोघर जाऊन थोडी थोडी वर्गणी गोळा करू लागले. १९४४ मध्ये माणसामाणसांतील उच्चनीच भाव नाहीसा व्हावा म्हणून त्यांनी समता संघ स्थापन केला. आपल्याला एके काळी गावाने पंक्तीबाहेर काढले होते, याचा त्यांनी कोणावर सूड घेतला नाही. कोणालाच पंक्तीबाहेर राहावे लागू नये, यासाठी मात्र ते शेवटपर्यंत झटले.

ज्या समाजाने त्यांना वाळीत टाकले, त्याच समाजाने पुढे त्यांच्यावर सन्मानांचा वर्षाव केला. १९५५ मध्ये पद्मविभूषण आणि १९५८ मध्ये भारतरत्न हा देशाचा सर्वोच्च सन्मान त्यांना मिळाला. त्यांच्या वयाला शंभर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर मोठा समारंभ झाला. पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू त्यास उपस्थित होते. हजारो लोकांच्या टाळ्यांच्या कडकडाटात ते शतायुषी वृद्ध शांतपणे बसले होते. निंदेने जे मन खचले नाही, ते स्तुतीनेही हुरळून गेले नाही. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले.

पूर्वीचे हिंगण्याचे माळरान आज पुण्याचा गजबजलेला भाग झाले असून त्याला कर्वेनगर असे नाव आहे. एका झोपडीत सुरू झालेल्या आश्रमाची आज मोठी शिक्षणसंस्था झाली आहे. त्या संस्थेची एक कन्याशाळा सातारा शहरातही आहे. ज्या शहरातून एक भिडस्त मुलगा परीक्षा न देताच परत गेला होता, त्याच शहरात त्याच्या संस्थेमुळे मुली परीक्षेला बसू लागल्या.

तुमच्या वर्गातही असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल. प्रश्नाचे उत्तर येत असूनही हात वर करायला ती कचरत असेल. कोणी थट्टा केली तर त्याच्या डोळ्यांत लगेच पाणी येत असेल. कदाचित तुम्ही स्वतःच तसे असाल. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. अण्णासाहेब कर्वे शंभर वर्षांहून अधिक जगले आणि शेवटपर्यंत मितभाषीच राहिले. संकोच पूर्णपणे जाण्याची वाट पाहत ते बसले असते, तर त्यांच्या हातून कोणतेच काम झाले नसते. संकोच बरोबर घेऊनच ते एकेक दार ठोठावीत गेले. ज्यांच्यासाठी ते दार ठोठावीत होते, त्यांचे दुःख त्यांना आपल्या संकोचाहून मोठे वाटत होते.